चढाला तोंड करून

पहाटे सव्वाचार.
चावी फिरवते, खर्रर्र खर्रर्र खर्रर्र,
मग नुसता श्वास, मग तोही नाही.

बर्फाच्या पावतीमागे लिहून ठेवते:
सोमवार. सात वेळा. धूर पांढरा.
मंगळवार. नऊ. शेवटी शेजारचा दिगू बनियनवर धक्का द्यायला.
बुधवारी सर्जेकोटला पोचले तेव्हा लिलाव उठलेला,
वाट्याला पाटीभर तारली
आणि बाई ड्रायव्हरवर दोन जुने विनोद.

चालू झाली तरी उभी राहत नाही धड.
थरथरते, खोकते, एकदम दमते.
आरशात बंदराचा एक दिवा
तीन होतो.

आग्नेल मेस्त्री म्हणाला, हिका थंडी लागता.
चार हीटर प्लग काढले, बॅटरीला वायर लावून एकेक पाहिला.
तीन लाल झाले,
चौथा काळाच.
नवा बसवला. सहाशे रुपये.
गुरुवार. आठ वेळा.

मग फिल्टर. काचेच्या ग्लासात उतरवलं डिझेल,
तळाशी बोटभर पाणी, वर पिवळं.
दर्यो हयसर पण इलो, तो म्हणाला.
पाणी काढलं, फिल्टर बदलला.
शुक्रवार. आठच.

मग सतराचा पाना.
चालू गाडीवर एकेका नळीचा नट सैल करत गेला,
फस्स करून डिझेल उडायचं, इंजिन लंगडायचं.
ज्येचो नट सैल केल्यावर काय फरकच पडना नाय
तोच आजारी.
चौघांनीही फरक पाडला.
(हा पाना एकदा मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगला
न्यायला हवा, माझ्या मनात आलं.)

शनिवारी कुडाळहून यायला अकरा वाजले.
आमच्या घाटीत कुणाच्या तरी हळदीचा मांडव,
गाडी खालीच ठेवली, क्रूसाजवळ, उतारावर,
नाक समुद्राकडे.
पहाटे जागेवर बसले, दात आवळून चावी फिरवली.
एक.

काहीच तर केलं नव्हतं मी.
लिहिलं: रविवार. एक. आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.
सोमवारी घरासमोर, रोजच्यासारखी,
चढाला तोंड करून, मागच्या चाकांना जांभ्याचे चिरे.
सकाळी आठ वेळा.
त्या रात्री अख्खी घाटी रिव्हर्समध्ये चढले.
सासूबाई पडवीत उभ्या राहून हसत होत्या,
सून म्हणे गाडीला दर्शन देते.
मंगळवार. एक.

म्हणजे थंडी नव्हे.
रात्री सगळे निजले की
डिझेल उताराने मागे टाकीत जातं
आणि त्याच्या जागेवर
वारा येऊन बसतो.

पावती आग्नेलसमोर धरली.
त्याने ती दोनदा वाचली, विडी विझवली,
वारो घेता ही, खयसून ता बघूक व्हया,
आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटला.

टाकीच्या वर, हात मुश्किलीने जातो तिथे,
वीतभर रबरी पाइप. खाऱ्या हवेने खाल्लेला.
केसाएवढी चीर.
बाहेर एक थेंब गळत नव्हता,
म्हणून तर इतके दिवस कोणी तिकडे पाहिलं नाही.
आतून ओढते आहे गाडी,
चीर मात्र वारा देते.

पस्तीस रुपयांचा पाइप, दोन क्लिपा.
हातपंप मी दाबत राहिले,
आधी मऊ, पोकळ, मग हळूहळू
तळव्याखाली घट्ट.
पारदर्शक नळीत बुडबुडे आले, आले,
एक उशिरा आला,
मग थांबले.

हीटर प्लगचे पैसे परत देऊ का, आग्नेलने विचारलं,
आणि मी उत्तर द्यायच्या आत
दुसऱ्या गाडीकडे वळला.

आता कशीही लावली तरी चालते.
तरी मी रात्री रिव्हर्सच चढते,
मान मोडेपर्यंत मागे बघत,
सासूबाई अजून हसतात.

गुरुवार. एक. धूर नाही.
आरशात दिवा एकच.
बांगडे, अकरा क्रेट.