पहिली फेरी

लग्नपत्रिकेच्या पाठीवर आखला रस्ता:
चांदिवली ते साकीनाका मेट्रो,
दर बारा मिनिटांनी मिनीबस.
डी विंगला थांबा हवा अगदी फाटकात,
बी विंगला हॉर्न नको.
एसी असेल तरच गाडी घरी ठेवीन,
म्हणाले दोन गाड्यांचे मालक.

घाडीगावकर, बेस्टचे निवृत्त कंडक्टर,
उशिरानं बोलले:
पहिली फेरी कितीची?
आठची.
मग मंजुळा कशातून येणार?
खैरानी रोडवरून पावणेसहाला चालत निघते ती,
तुमचे डबे
आठच्या आत भरायला.

कुणीतरी पंखा वाढवला.
इतिवृत्तात मी लिहिलं: वेळ विचाराधीन.
घाडीगावकरांच्या अंगठ्याचं नख
पत्रिकेच्या कोपऱ्यात
भोक पाडत होतं,
तिकीट पंच करावं तसं.