पासंग

एकतीस वर्षं मी मार्केट यार्डात काटे तपासले.
भुसार गाळ्यांत, गुळाच्या पेढ्यांवर
मला लांबून पाहिलं की तागड्या आपोआप सरळ व्हायच्या.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी नखाने काढलीय,
वजनाच्या पोटातून पळवलेलं शिसं
आडत्याच्या टेबलावर परत मागितलंय.
माझा ठसा नसेल तर किलो हा किलो नव्हता.

आणि माझ्याच गळ्यात कोणी दांडी मारतंय
हे मला अकरा वर्षं कळलं नाही.

आधी मुतखडा. मग दुसरा मुतखडा.
मग गुडघे, उगाच येणारं रडू,
आणि दिवाळीच्या तोंडावर, कुकरचं झाकण फिरवताना
मनगट मोडलं.
आवाज झाला तो खारी मोडल्यासारखा.

डॉ. बोरावक्यांनी कागद माझ्याकडे फिरवला:
कॅल्शियम अकरा पूर्णांक नऊ.
"रक्तात ओसंडतंय, हाडांत खडखडाट."

मानेत, थायरॉइडच्या पाठीमागे, तांदळाएवढ्या चार ग्रंथी.
रक्तातलं कॅल्शियम चाखत बसायचं, एवढंच त्यांचं काम.
कमी पडलं की हाडांना चिठ्ठी जाते: थोडं सोडा.
मूत्रपिंडाला निरोप: वाया घालवू नका.
पुरेसं झालं की गप्प.
माझी खालची डावी गप्प बसायची विसरली.
पारडं भरून सांडत होतं
आणि ती ओरडत होती, कमी आहे, अजून आणा.
हाडं बिचारी आज्ञाधारक,
आपल्याच भिंतीतल्या विटा काढून देत राहिली.

"आणि डी जीवनसत्त्व नऊ. उन्हात जात नाही का?"
मी? रोज बिबवेवाडी ते यार्ड, स्कूटीवर!
डोळ्यांपर्यंत स्कार्फ, सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे,
पुण्यातल्या सगळ्या बायका जातात तशी,
दरोड्याला निघाल्यासारखी.
उन्हाला माझ्यापर्यंत यायचा परवानाच नव्हता.

डीचं ऐकून मात्र बरं वाटलं. त्यात शिस्त आहे.
कच्चा माल कातडीत बनतो.
पहिला ठसा यकृतात, दुसरा मूत्रपिंडात,
तोही त्या चौघींच्या सांगण्यावरून.
दोन्ही ठसे असल्याशिवाय
आतडं धड दार उघडत नाही;
दूध, नाचणी, तीळ, बराचसा माल बाहेरच पडून.
हे मला पटलं. खात्यात असंच असायचं.

गुंगी उतरल्यावर मी विचारलं, वजन किती भरलं?
डॉक्टरांना वाटलं, माझं.
ग्रंथीचं, मी म्हटलं.
एक ग्रॅम, वर शंभर मिलिग्रॅम.
यार्डात पासंगालाही पुरली नसती.

तिसऱ्या रात्री ओठांना मुंग्या आल्या, मग बोटांना.
अकरा वर्षांची उपाशी हाडं
रक्तातलं दिसेल ते ओढून घेत होती.
उरलेल्या तिघी, एकीच्या आरडाओरड्यात
कधीच्या झोपी गेलेल्या, अजून डोळे चोळत होत्या.
सिस्टर एस्तेर रणपिसेंनी माझ्या गालावर टिचकी मारली,
ओठाचा कोपरा उडाला.
"सात पॉइंट एक," त्या फोनवर म्हणाल्या.
मग नळीतून कॅल्शियम, थेंब थेंब,
आणि दोन्ही ठसे आधीच मारलेली एक इवलीशी गोळी.
मी रात्रभर थेंब मोजले. सवय.

आता जानेवारी आहे.
अकराच्या उन्हात गच्चीवर
बाह्या खांद्यापर्यंत सरकवून बसते.
तळमजल्याच्या मोकाशीबाई म्हणतात, काळ्या पडाल हो.
पडू दे.

काल टिळक रोडच्या लॅबमधून रिपोर्ट आणला.
नऊ पूर्णांक चार.
खिडकीतल्या मुलाला विचारलं,
तुमचं मशीन शेवटचं कधी पडताळलं?
तो हसला.
मी हसले नाही.
मग तो मागे वळून
भिंतीवर प्रमाणपत्र शोधायला लागला.