पर्यंत

पत्रकावर आकडा होता सदुसष्ट,
तळहाताएवढा, केशरी.
त्याच्या आधी मुंगीच्या पायांनी लिहिलेला एक शब्द;
मराठीत तो आकड्याच्या मागून येतो:
सदुसष्टपर्यंत.
सही करताना मी चष्मा लावलेला होता,
तेव्हा तक्रार तरी कुणाची करू.

मोजलं, तर अकरा.
कधी नऊ.
रविवारी संध्याकाळी चार, तेही जिन्याखाली.

टॉडमॉर्डनचा हा चढ धापा टाकत चढून
ब्रेंडन ग्रीनहाल्श आला, कंपनीचा.
न सांगता बूट दाराबाहेर काढले.
बोटाच्या पेरानं भिंत ठोकून म्हणाला,
दोन फूट दगड आहे हा,
यातून वाय-फाय काय, शेजारणीचं भांडणसुद्धा येणार नाही.
मग खिडकीतून दाखवली
कालव्याच्या पुलापाशी उभी हिरवी पेटी.
तिथवर काच आहे, बाई, तिथवर तुमचे सदुसष्ट शाबूत.
पुढं तांबं. बाराशे मीटर,
माझ्या आजोबांच्या वेळचं,
मधे एका सांध्यात पाणी शिरलंय.
आणि रात्री आठला अख्खी गल्ली एकाच नळावर.

नळाचं मला लगेच समजलं.
मी इचलकरंजीची.

चहा घेतला त्यानं, दोन साखर.
सांधा बदलायचं लिहून घेतो म्हणाला,
कधी, ते मी विचारलं नाही.

परवा पहाटे तीनला जाग आली.
गल्ली झोपलेली, फक्त समोरच्या मिसेस पिकल्सचा दिवा.
डब्याशेजारी पायरीवर बसून मोजलं:
एकोणीस.
तिकडे साडेआठ वाजलेले.
वासंतीला लावला.

इतके महिने ती चौकोनांची होती,
शब्द पुढे, ओठ मागे,
आणि दोघीही म्हणायचो, दिसतेस गं, दिसतेस.
आज मेथीचा देठ न् देठ दिसला,
नखातली माती,
मनगटावरचा फिकट पट्टा
जिथं आईच्या पाटल्या असायच्या.

पाटल्या गं?

पॉलिशला टाकल्यात, ती म्हणाली
पान खुडत, जुडीकडे बघत,
येतील मार्चपर्यंत.

चित्र एकदाही अडकलं नाही.