पाचपावली

चारी नाल निघाले तेव्हा
मुनीर नालबंदाने खिळे मोजले. चोवीस.
डालड्याच्या जुन्या डब्यात टाकले आणि म्हणाला,
"बाई, भिंतच नाही राहिली. आता मारू कुठं?"

खरंच होतं.
सुपारीचे खूर कडेने
शिळ्या भाकरीसारखे तुटलेले,
पुढच्या उजव्यात एक चीर
खिळ्याच्या भोकापासून थेट केसांजवळ चढलेली.
आठ वर्षं नवरदेव वाहिले तिने
डांबरावर, बँडच्या मागे, जनरेटरच्या धुरात.
दर दीड महिन्याला नवा नाल,
जुन्या भोकांशेजारी नवी भोकं.

मुनीरने कानस फिरवली,
कडा बोटाला लागणार नाहीत अशा गोल केल्या.
"आता चालव. पण मोजून."

पहिल्या दिवशी ती गोठ्याच्या दारातून
पाच पावलं चालली आणि थांबली,
तव्यावर उभं केल्यासारखी.
आमच्या वस्तीचं नावच पाचपावली.
मी हसले. ती नाही.

पौषभर फक्त माती.
शाळेचं मैदान, पोरं यायच्या आधी,
थंडीत तिच्या नाकातून वाफ.
खुराचं टोक आधी टेकवायची, चोरासारखी.
मी ओणवी होऊन बघायची,
टाच कधी टेकते.

लग्नसराईत फोन यायचे. घोडी आहे का?
आहे, पण अनवाणी आहे.
पलीकडे कुणीतरी हसायचं.
बोकडेच्या दोन पांढऱ्या इतवारीत नाचत होत्या.
मी जरीची झूल त्यालाच विकली
आणि त्या पैशांचं वाळलं गवत आणलं.

गूळ बंद, चणे बंद,
वरातीतले लाडू तर कधीचेच बंद.
शेवंताबाई कुंपणावरून बोलली,
"मुक्या जनावराले नुसतं वायलं गवत चारतं,
कशी वं तू?"
मी काही बोलले नाही.
गूळ खुरात उतरतो, हे तिला कसं पटवू?

चैत्रात मुरूम.
वैशाखात पाण्याच्या टाकीपुढे
अर्धी ट्रॉली बारीक गिट्टी पसरली.
तहान लागली की दगडावर यावंच लागे.
यायची, कान मागे टाकून,
माझ्याकडे न बघता प्यायची.

आषाढात सगळं बिघडलं.
खुराची पुतळी नासली, कुबट वास,
बोट लावलं की पाय ओढून घ्यायची.
रोज मोरचूदाचं पाणी, रोज कोरडा भुसा,
मी रात्री दोनदा उठून ओलं उपसलं.
दोन महिने मागे गेलो, मी म्हटलं.
मुनीरने चहा बशीत ओतला.
"नख काय कॅलेंडर बघून वाढते?"

आणि तरी वरून काहीतरी उतरत होतंच.
केसांच्या रेघेखाली नवा खूर,
काळसर, घट्ट, एकसंध,
महिन्याला बोटाच्या पेरापेक्षाही कमी.
चीर खाली सरकत होती,
भाडं थकलेल्या बिऱ्हाडासारखी, कुरकुरत.

आश्विनात एका सकाळी
रेल्वेलाइनच्या अलीकडे हिरवी हरळी दिसली तिला.
मध्ये गिट्टीचा ढीग.
मी दोर आखडला, तिने तो ओढून नेला.
टाच आधी. मग टोक.
नालाचा टणटण आवाज नाही,
फक्त उखळात मुसळ पडावं तसा, जाड, खालचा.
पूर्वी ती गल्लीत शिरली की
दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायच्या.
त्या दिवशी परतलो ते कुणालाच कळलं नाही.

कार्तिकात मुनीरने चिरेचं शेवटचं टोक कापलं.
चंद्रकोरीएवढा तुकडा, मधोमध अर्धं भोक.
मला तो ठेवायचा होता.
वाकेपर्यंत भुऱ्या कुत्रा घेऊन पळाला
आणि पानठेल्याखाली बसून
डोळे मिटून चावत राहिला.

"पैसे?" मी विचारलं.
"नाल मारला नाही, खिळा मारला नाही,"
मुनीर कानस पुसत म्हणाला,
"बिल कशाचं लावू, तेच समजून नाही राहिलं."
मग थोडं थांबून,
"कापायचे शंभर दे."