गावाची माहिती, रकाना सातवा

तालुक्यातून कागद आलाय :
गावाचा इतिहास लिहा, दहा ओळींत.
भरमाण्णा क्लार्कनं तो माझ्याकडं सरकवला,
मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे की.

तर, गुंडोळी.
घरं एकशे चौऱ्याण्णव, त्यातली एकोणीस कुलपात.
नाव कशावरून, ठाऊक नाही.
निंगाप्पा म्हणतो गुंडू, म्हणजे वाटोळा दगड.
फोंडू म्हणतो छे, गुंडगी बुडेल एवढी ओहळ होती इथं.
ओहळ आटली. वाद वाहतोय.

पीक रताळ्याचं.
वेल बांध ओलांडून शेजाऱ्याकडं मुळं धरतो,
काढणीला दोघंही सोबतच कुदळ घेऊन येतात.
शिव्या कन्नडात, हिशेब मराठीत,
ताप चढला की तोंडाला येईल त्यात.
थांब्यावरच्या पाटीला रंगाचे इतके थर
की ती वजनानंच वाकलीय.
बस तरीही थांबते. कधीकधी.

विहीर उपसली त्या साली
इरव्वाचा धुण्याचा दगड उलटा झाला,
आणि खालून अक्षरं निघाली.
धारवाडहून एक पोरगी आली,
पीठ फासून, तिरकी बॅटरी धरून वाचू लागली.
आम्ही सगळे वहाणा काढून उभे.
वाटलं, राजा निघणार कुणीतरी,
आणि एकदाचं ठरणार गाव कुणाचं.

निघाली तेल्याची एक विधवा.
नाव अर्धंच, पुढचं झिजलेलं : कव्वे.
देवळातल्या दिव्याला रोज पळीभर तेल,
आणि त्यासाठी तुकडाभर जमीन. तिची हद्द :
पूर्वेला चिंच,
उत्तरेला वारूळ,
पश्चिमेला गुंडा दगड
(इथं निंगाप्पानं फोंडूकडं बघितलं)
दक्षिणेला
पोरगी थांबली. इथं फुटलंय, म्हणाली.
चाळीस वर्षांची धोतरं, दुपटी, एका लग्नाचा शालू,
सगळं त्याच कोपऱ्यावर आपटलेलं.

इरव्वा एवढंच म्हणाली :
असू दे की. पण मी आता धुऊ कशावर?

दगड पंचायतीत ठेवला, खुर्च्यांमागं.
तिला रस्त्याकडेचा पडका मैलाचा दगड दिला.
कुठल्या गावाला किती मैल, कुठल्या लिपीत,
कुणी बघितलं नाही.
पालथा घातलाय. फेस चांगला येतो.

दहा ओळी कधीच्या संपल्या.
भरमाण्णा, कागदाच्या मागं लिहू काय?
दक्षिणेचं अजून राहिलंय.