एकोणीस पंख्यांचं वादळ

मे महिना, पारा शेहेचाळीसवर,
आणि ते आमच्या हिवऱ्यात वादळ घ्यायला आले.
दोन मेटॅडोर, एक कॅमेरा,
छत्रीखालून न हलणारा दिग्दर्शक,
आणि पुण्याची एक नायिका,
जी पहिल्याच दिवशी ऊन लागून
आर्णीच्या दवाखान्यात सलाइनवर गेली.

वाऱ्याचं यंत्र भाड्यानं आणायला पैसे नव्हते,
म्हणून माझं दुकान विचारत आले.
मी कुलर बांधतो, मोटर भरतो, वाळा बदलतो.
"अठरा इंची किती मिळतील?"
म्हटलं, गावात आहेत तेवढे.

बाराशे रुपयांसाठी मी पाना घेऊन घरोघर फिरलो.
रूपरावच्या बैठकीतला, अंगणवाडीतला,
पतसंस्थेचा, सोनाराचा,
नरुल्यांच्या नव्या सुनेच्या खोलीतला.
ती काही बोलली नाही,
दार मात्र जरा जोरात लावलं.

एकोणीस पंखे
खाटा उभ्या करून त्यांना बांधले,
शाळेच्या पटांगणात, एका रांगेत.
पुढ्यात पऱ्हाट्या, तुरीचं कुटार, युरियाची रिकामी पोती,
आणि पावसासाठी फवारणीचे चार पंप,
औषधाचा वास न गेलेले.

"वादळ!" दिग्दर्शक ओरडला.
मी बटन दाबलं.
खरं सांगतो, क्षणभर मीच भ्यालो.
शाळेचं एक टिन उडालं,
जे कागदावर कुठंच लिहिलं नव्हतं.
हेडमास्तर त्याचे पैसे अजून मागतात.

पळायचे ऐंशी, मरायचे दीडशे.
सत्यफुला मावशीनं मरण घेतलं.
पहिल्यांदा हसली,
दुसऱ्यांदा बकरीनं पदर ओढला,
तिसऱ्यांदा इतकी चांगली मेली
की जेवणाची सुट्टी झाली तरी
डोळे मिटून तशीच,
"उठू का आता? उठू का?"

पंखे रात्री तिथंच राहिले, सकाळच्या सीनसाठी.
गाव छतांवर आलं, ओल्या चादरी पांघरून.
लेकरं किरकिरत होती.
निंबाचं एक पान हालंना.
कुणीतरी अंधारातून माझ्या मायचं नाव घेतलं
आणि कुणीही त्याला अडवलं नाही.
सगळा वारा शाळेत होता,
फाटकाला कुलूप.

परत बसवताना अदलाबदल झाली.
अंगणवाडीचा सोनाराकडे, सोनाराचा कुठं, कोण जाणे.
नरुल्यांच्या सुनेचा पंखा सुरू झाला
तसं कुटार उडालं खोलीभर, गादीवर, आरशावर.
तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.
काय ते इथं लिहिता येत नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी
पंचायतीच्या टीव्हीवर लागला.
आमचं गाव त्यात कोकणात होतं.
वावरांमागे नारळ चिकटवलेले,
आणि गोठाणाच्या बाजूनं, जिथून ढोरं येतात,
तिथून समुद्र आला.
निळा, कडेला कैचीनं कापल्यासारखा,
पाण्याच्या टाकीहून उंच.
लाटेतूनसुद्धा टाकीवरचं वाचता येत होतं,
'पाणी जपून वापरा'.
सगळे हसले.
माझा वारा दोन मिनिटंही नव्हता.

मग सत्यफुला मावशी बुडाली,
आणि तिचा नातू जो हंबरडा फोडून रडला,
तिच्याच मांडीवर बसून!
"मी अठी आहो ना बावा, अठी,"
ती त्याचा हात आपल्या गालाला लावत होती.
तो टीव्हीकडेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली,
मिक्सर घेऊन, ज्याला काही झालं नव्हतं.
उभी राहिली. मग,
"समुद्र तेवढाच असते का गा?
का त्याहिनं वाढवला?"
मी यवतमाळच्या पुढं गेलेलो नाही.
म्हटलं, थोडा लहान असन.

तिनं मिक्सर पुन्हा पिशवीत घातला.
"मंग मले एकटीले बुडवाले
एवढा कायले आणला?"