दोन फूट

शाहूपुरीतलं आमचं घर
पश्चिमेला तोंड करून बसलेलं.
गुळाच्या अडतीत कारकुनी करत
बाबांनी हप्त्याहप्त्यानं बांधलेलं.
पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर,
मधे चौदा इंची भिंत.
भिंतीत एक खिडकी, वहीएवढी,
चहापुरती.

एकतीस वर्षं त्या खिडकीतून
मला एक हात दिसला :
दोन हिरव्या बांगड्या, मनगटावर तेलाचा जुना चटका,
कपबशी, मग ताट, मग आणखी एक भाकरी.
हात आत गेला
की मी पुन्हा पेपरात.

अरिंजयनं पुण्याहून मोबाइलवर नकाशा धाडला.
"पप्पा, सगळं एक करून टाकूया. मोकळं."
मी त्रिशलाकडं बघितलं, म्हणजे खिडकीकडं.
"करा की. मी काय म्हणणार?"

मुल्लाणी इंजिनिअर आला, भिंतीवर बोटानं टकटक केली,
कान लावला.
"काका, हिच्यावर स्लॅब हाय.
हिला काढायची तर
हिच्या वाटणीचं वजन कुणीतरी घ्यायला पाहिजे."

शिरोलीहून गर्डर आला,
टेम्पोच्या बाहेर चार हात, शेंड्याला लाल फडकं.
जॅक लागले, टेकू लागले.
त्या रात्री अख्खं छत लोखंडी पाइपांवर
आणि आम्ही दोघं खाली सतरंजीवर, वर बघत.
"पडंल काय हो?"
"नाही पडत."
ती झोपली.
मी पाइप मोजत राहिलो.

सकाळी सात्ताप्पानं पहिला घण घातला.
परातीच्या जुन्या भोकात
गुळाच्या गोणपाटाचा बोळा निघाला,
त्याच्या मागं मुंग्यांची रांग.
लग्न झाल्यापासून ती विचारायची,
कुठनं येतात हो ह्या?
मी म्हणायचो, झाकण नीट लाव.

दुपारपर्यंत भिंत कमरेएवढी झाली, मग गुडघ्याएवढी,
मग फक्त कोपऱ्यातली उरली,
तेव्हा ती हातातलं पीठ तसंच घेऊन पुढं आली.
"सात्ताप्पा, हितली दोन फूट ऱ्हाऊ द्या."
"कशाला वैनी? फ्रीज मावंना झालाय की."
"ऱ्हाऊ द्या म्हणतो की मी."

रात्री विचारलं, का?
वाटाणे सोलत म्हणाली,
"उभा राहतो मी तिथं. कधी कधी."
एवढंच.
मग वाटाण्याचा एक दाणा घरंगळला,
अडवायला मधे काहीच नव्हतं,
सरळ उंबऱ्यापर्यंत गेला.

मी हिशेब मांडत बसलो, कारकुनाचं पोर.
बाबा गेले ती पहाट.
तिच्या भावाचं पत्र आलं ती दुपार.
आणि मिणच्याच्या पाव्हण्यांसमोर
तिच्या शिक्षणावरून मी एक गंमत केली होती,
सगळे हसले, मीच जास्त.
भिंतीपलीकडनं भांड्याचाही आवाज आला नव्हता.
मला वाटलं होतं
ऐकू गेलं नसेल.

आता सगळं दिसतं.
फोडणी पडली की सोप्यात मी शिंकतो,
मिक्सर लावला की बातम्यांची नुसती तोंडं हलतात.
ती पाठमोरी, पदर खोचलेली, अख्खी.
"असं बघत बसू नका हो,
मीठ दोनदा पडतं."

आमच्यात अंथऊ दिवस मावळायच्या आत.
पूर्वी बाहेर ऊन असतानाच आत अंधारायचं,
बटण दाबून ती हाक मारायची, आवरा, दिवस गेला.
आता ऊन दारातनं शिरतं,
शहाबादीवरनं चालत येतं,
भिंत होती तिथली सिमेंटची पट्टी
(फरशी काही जुळली नाही)
न अडखळता ओलांडतं
आणि ओट्यावरच्या आमटीत उतरतं.
घड्याळ तेच, सूर्यही तोच,
पण एक भाकरी निवांत जास्त होते.

फक्त कोपऱ्यात
दोन फुटांची सावली पडते.
आज ताटं वाढून झाल्यावर
ती तिथं गेली. बांगड्या वाजल्या नाहीत.
मी विचारलं नाही.
पेपर वाचून झाला होता,
तरी उघडला,
आणि तोंडासमोर
जरा वर धरला.